आढळलं नाही

माझे वडील शस्त्रांची तपासणी करायचे. एवढं सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ होतो. मग मी पुढचं सांगते, की ते इथे जबलपुरातच एका फॅक्टरीत एग्झामिनर होते, तोफगोळ्यांच्या रिकाम्या कवचांना माप लावून बघायचे आणि सुटीचा भोंगा झाला की सायकलीवर टांग टाकून चेरीतालला घरी यायचे. की समोरचा पुन्हा सैल. मला हे आवडत नाही. परदेशातला माणूस विमानाने जाऊन तपासतो म्हणून तो शस्त्रनिरीक्षक, आणि माझा बाप सायकलीने जाऊन तपासायचा म्हणून तो फॅक्टरीवाला, हा कुठला न्याय?

बाबांचं काम सांगायला सोपं होतं. त्यांच्याकडे दोन गेज असायचे. एकाचं नाव गो, दुसऱ्याचं नो-गो. गो आत गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे. दोन्ही बरोबर झालं की बाबा आपल्या नंबरचा ठप्पा मारायचे. आठवी शिकलेल्या माणसाचा नंबर लोखंडात उमटायचा. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. बी.ए., मग राज्यशास्त्रात एम.ए., आता एका शाळेत बारावीला शिकवते. पण माझं नाव अजून कागदावरच आहे, लोखंडावर नाही. आमच्या पुस्तकात शस्त्रं टाकून देण्यावर एक अख्खा धडा आहे. मराठीत निःशस्त्रीकरण, आमच्या शाळेच्या हिंदीत निरस्त्रीकरण. बाबा या दोन्ही शब्दांच्या वाटेला जात नाहीत. ते म्हणतात, "ते हत्यारं टाकायचं काम."

तंबाखूची सवय त्यांना फॅक्टरीनेच लावली, असं त्यांचं म्हणणं. दारूगोळा बनतो तिथे काडीपेटी नेता येत नाही. गेटवर रोज झडती. बिडी बाहेर, काडी बाहेर. मग आत गेलेल्या माणसानं करायचं काय? तळहातावर तंबाखू-चुना मळायचा. तंबाखूला काडी लागत नाही, म्हणून तंबाखू पास. एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना अशी दोन तोंडांची पितळी डबी, इकडे तिला चुनौटी म्हणतात, ती त्यांच्या खिशात मला आठवतं तेव्हापासून आहे. रिटायर झाल्यावर ठप्पा जमा केला, गेटपास जमा केला. चुनौटी कोणी मागितली नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांची दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे काढला, पण बघत राहिले गालाच्या आत. मग चिठ्ठी लिहून आम्हाला ओमतीजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी टॉर्च मारला, कापसाने गाल पुसून बघितला. पांढरा डाग होता, पुसला गेला नाही.

"देखिए बाबूजी," त्या म्हणाल्या, "छह हफ्ते तंबाकू पूरी बंद. पूरी मतलब पूरी. दाग चला गया तो ठीक. नहीं गया, तो छोटा-सा टुकड़ा काटकर जाँच को भेजेंगे. लेकिन आप बीच में खाते रहे, तो मुझे समझ ही नहीं आएगा कि दाग गया क्यों नहीं." मग माझ्याकडे वळून, "और दीदी, आप देखिएगा."

अशी माझी नेमणूक झाली. जाँच कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तो शब्द आमच्या घरात त्यानंतर कितीतरी दिवस कोणी तोंडातून काढला नाही. ऑटोत बसल्यावर बाबांनी एकच गोष्ट विचारली.

"काटकर म्हणजे किती?"

"छोटा तुकडा म्हणाल्या ना."

"छोटा हे काही माप नाही," बाबा म्हणाले, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

त्याच दिवसांत टीव्हीवर एका देशाची बातमी सुरू होती. त्या देशाचं आणि तिथे गेलेल्या साहेबांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घरात ती कोणाला नीट म्हणताही येत नव्हती. त्या देशाने भयंकर हत्यारं दडवली आहेत असा बाकीच्यांचा आरोप, आम्ही सगळी नष्ट केली असं त्या देशाचं म्हणणं, आणि खरं काय ते बघायला गेलेल्या तपासणीसांचे हे मोठे साहेब. चष्मा, पांढरे केस, समोर माइकचं जंगल. सोमवारी ते म्हणाले, हा देश सहकार्य करतो आहे, बरंचसं नष्ट झालेलं दिसतं. गुरुवारी म्हणाले, अनेक प्रश्नांची उत्तरं मिळालेली नाहीत. पुढच्या सोमवारी परत सहकार्यावर आले. चॅनेलवाल्यांनी त्यांची दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी लावली आणि मध्ये लाल प्रश्नचिन्ह फिरवलं.

बाबांना हा माणूस अजिबात पसंत पडला नाही. आपल्या बिरादरीतला म्हणून जास्तच.

"आमच्या सेक्शनात हा एक हप्ता टिकला नसता," ते म्हणाले. "एक तर पास कर, नाही तर रिजेक्ट कर. सोमवारी एक, गुरुवारी एक. हा काय करून राहिला?"

आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "त्याच्या बायकोचं सांगा. जेवण कसं झालं म्हणून विचारत असेल बिचारी. हा म्हणत असेल, बरं होतं, पण काही प्रश्न बाकी आहेत."

बाबा खूप हसले. हसताना गालाला हात लावला. मी तेही बघितलं, कारण बघणं आता माझं काम होतं.

मी काम मनापासून केलं. शर्टाचे खिसे, उशीची खोळ, सायकलच्या सीटखालची हत्यारांची पिशवी, कूलरच्या मागची जागा. आठवडाभर काही सापडलं नाही, चुनौटीसुद्धा नाही. आमच्या घरच्या ग्रुपची खरी मालकीण आत्या, बाबांची मोठी बहीण, अमरावतीला असते. ती रोज विचारायची. आठव्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "बाबांची तंबाखू सुटली." आत्याने सहा वेळा हात जोडले. नागपूरच्या मावशीने फुलं पाठवली.

"टाकलं का बयान?" बाबांनी बडीशेप चघळत विचारलं. चेहरा अगदी साधा.

दोन दिवसांनी आई व्हर्नियरच्या पेटीवरची धूळ पुसायला गेली. व्हर्नियर म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार. ठप्पा जमा करावा लागला म्हणून रिटायर झाल्यावर बाबांनी हा एक स्वतःचा विकत घेतला होता, मखमलीची खाच असलेल्या लाकडी पेटीत. मखमलीखाली तंबाखूची पुडी होती.

"हे काय आहे, बाबा?"

"ते जुनं आहे. राहून गेलं असेल."

"ताजा वास येऊन राहिला."

"पेटी चांगली आहे ना," बाबा म्हणाले. "वास टिकते."

मी ग्रुपवर लिहिलं, "थोडा जुना साठा सापडला. जप्त केला आहे. बाबा सहकार्य करत आहेत." आत्याने या वेळी हात जोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबांनी स्वतः उठून फडताळाच्या वरून आणखी एक पुडी काढली आणि आईच्या देखत माझ्या हातावर ठेवली. "घे. ही शेवटची. मागच्या वेळी सांगायची राहिली." मला एवढं भरून आलं की मी लगेच लिहून टाकलं, बाबांनी उरलेली स्वतःहून दिली, आता घरात काही नाही. हे लिहिताना माझ्या बारावीच्या पोरांना मी काय शिकवते ते माझ्या डोक्यात आलं नाही. एक पुडी समोर ठेवून दुसरीवरून नजर हटवायची ही जुनी रीत आहे, धड्याखालच्या प्रश्नांत पण विचारलेली आहे.

त्यानंतर एका संध्याकाळी मी घमापुरात कोथिंबीर घेत होते. बाबा रोज फिरायला त्याच बाजूला जायचे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने लांबून हाक मारली.

"दीदी, बाबूजी कल चूना यहीं भूल गए थे. लेती जाइए." मोठ्या प्रेमाने त्याने चुन्याची ट्यूब माझ्या कोथिंबिरीत ठेवली.

"रोज येतात का ते?"

"अरे दीदी, रोज कहाँ," तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून थांबला. "कभी-कभी. सुबह. और कभी-कभी शाम."

त्या संध्याकाळी मी लिहिलं, "सध्या निश्चित सांगता येत नाही."

आत्याला टाइप करणं आवडत नाही, ती बोलून पाठवते. मी स्वयंपाकघरात होते, फोन बाहेर बाबांच्या हाताशी. त्यांनीच आत्याचा निरोप मोठ्या आवाजात लावला.

"अगं बाई, सुटली म्हणतेस, मग सापडली म्हणतेस, मग त्यानं दिली म्हणतेस, आता निश्चित नाही म्हणतेस. तू एम.ए. आहेस ना? एक तर सुटली म्हण, नाही तर नाही सुटली म्हण. हे काय करून राहिलीस?"

बाबांनी तो निरोप दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा तर डोळे मिटून, भजन ऐकल्यासारखा. त्या दिवसापासून सकाळी चहा घेताना ते पेपर बाजूला करून विचारायचे, "आज काय बयान आहे, मॅडम?" आई पण त्यांना सामील. भाजीत मीठ बरोबर आहे का म्हटलं तर म्हणायची, "तपासणी चालू आहे."

चार-पाच दिवस मी सहन केलं. मग एका संध्याकाळी बयानाचं विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "डाग तुमच्या गालात आहे बाबा, माझ्या नाही."

खोलीत टीव्ही सुरू होता. तिघंही टीव्हीकडे बघायला लागलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. तेवढ्यात ते साहेब आले. आज जास्त थकलेले. खाली हिंदीत पट्टी आली, हमें वहाँ कुछ नहीं मिला, लेकिन मैं यह नहीं कह सकता कि वहाँ कुछ नहीं है. अँकर लगेच ओरडायला लागला, की साहेबांनी पुन्हा पलटी मारली.

मला वाटलं आता बाबा सुरू होतील. त्यांनी आवाज कमी केला.

"बरोबर बोलला," ते म्हणाले.

"आजपर्यंत तर तुम्ही त्याला शिव्या देत होते."

"मी त्याचं बोलणं ऐकलंच नव्हतं. मी या ओरडणाऱ्याचं ऐकत होतो." मग म्हणाले, "तुले एक सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीला दुसरंच वर्ष होतं. एका लॉटची सगळी मापं बरोबर आली. बाबांनी ऐटीत रजिस्टरमध्ये लिहिलं, दोष नहीं. दुपारी पुढच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या एग्झामिनरला त्यातल्या एका कवचावर केसाएवढी चीर दिसली. माल तिथेच अडला, कोणाचं काही बिघडलं नाही. बाबांना वाटलं आता नोकरी गेली. म्हातारा ओरडला नाही. त्याने बाबांचं रजिस्टर मागवलं, पेन काढला आणि 'दोष नहीं' च्या पुढे दोन शब्द लिहिले. दोष नहीं पाया गया. मग म्हणाला, तू भगवान है क्या? तुझे जितना दिखा, उतना लिख.

"त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी तेच लिहिलं," बाबा म्हणाले. "दोष नाही असं कधी नाही. दोष आढळला नाही. तू काहून लिहिलं पहिल्या बयानात, सुटली म्हणून? तुले काय दिसलं होतं?"

"काही सापडलं नव्हतं."

"मग तेवढंच लिहायचं ना. बयान बदलायची पाळीच आली नसती."

आता माझी पाळी होती. "आणि तुम्ही? तुम्ही तर लपवून राहिले. तपासणीचं एवढं माहीत असून?"

"मी माल आहे," बाबा म्हणाले. "मालाचं काम वेगळं, तपासणाऱ्याचं वेगळं."

त्यावर आई एवढी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही असं म्हणणार नाही. पण झोपायच्या आधी मी त्यांच्या खिशांकडे वळले आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. माणूस लपवतो आहे याची नाही, त्याची तर आता सवय झाली होती. सहा आठवड्यांनी डॉक्टर मला विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल याची.

शेवटचे दहा दिवस मला खरंच काही सापडलं नाही. पानवाल्यालाही मी दोनदा विचारलं. तो आता कानाला हात लावायचा. सहा आठवडे पुरे झाले तेव्हा आम्ही ओमतीला गेलो. मी शाळेत नेते ती खांद्याची पिशवी, तीत पहिल्या भेटीपासून तशीच राहिलेली बाबांची फाइल, चिठ्ठ्या, दाढेच्या एक्स-रेचा खाकी लिफाफा.

डॉक्टरांनी टॉर्च मारला. बराच वेळ बघितलं.

"कम हुआ है," त्या म्हणाल्या. "गया नहीं." मग टॉर्च बंद करून माझ्याकडे वळल्या. "दीदी, तंबाकू पूरी बंद रही ना?"

बाबा भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत होते. मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. हो म्हटलं, तर त्याचा अर्थ होणार की तंबाखू सोडूनही डाग राहिला, म्हणजे आज आत्ता कापणार, आणि त्यामागे तो शब्द उभा. नाही म्हटलं, तर माझ्याकडे पुरावा काय? आणि समजा ते खरंच सोडून बसले असतील, तर मी माझ्या बापाला परक्या माणसासमोर खोटं ठरवलं. एम.ए.ला मी पहिल्या वर्गात पास झाले आहे. त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

"मुझे मिली नहीं," मी म्हटलं.

"मतलब बंद है?"

"मतलब मुझे मिली नहीं."

बाबा खाकरले.

"बराबर बोल रही है मैडम," ते म्हणाले. "नहीं मिली, और नहीं है, इन दोनों में फर्क है." मग मला मराठीत, "पिशवी दे."

मी पिशवी दिली. त्यांनी फाइल काढली, चिठ्ठ्या काढल्या, एक्स-रेचा लिफाफा काढला आणि टेबलावर उलटा केला. दाढेची फिल्म बाहेर आली, आणि तिच्यामागून चुनौटी.

आपल्यात काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. कूलरमागे हात घालून मी कोळ्याची जाळी अंगावर घेतली होती. माझ्याच पिशवीत, माझ्याच खांद्यावर, मी ती डबी शाळेत नेली, आणली, आणि आज दवाखान्यात पण मीच आणली. सकाळी मी अंघोळीला गेले की ते लिफाफ्यातून घेत आणि संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की परत घेत.

"तपासणाऱ्याची पिशवी कोण तपासते," बाबा हळूच म्हणाले. मग डॉक्टरांना, "दिन की दो. पहले बारह होती थी."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी चुनौटी चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवली, आरसा आणि सुयांच्या शेजारी. "अच्छा किया बता दिया," त्या म्हणाल्या. "दो से भी दाग रुक सकता है. आज काटती तो मुझे आधी बात मालूम होती. तीन हफ्ते और. ज़ीरो. लेकिन इस बार देखेगा कौन?"

मी मान खाली घातली. मला वाटलं माझी नोकरी गेली.

"मैं," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. बाबा बोलतात मराठी, पण लिहितात हिंदी, आठवीपर्यंत तेच शिकले. रोज दिवेलागणीला तारीख टाकून एक ओळ. तंबाकू नहीं पाई गई. खाली सही आणि सहीखाली त्यांचा तो जुना नंबर, जो ते लोखंडावर मारायचे. इतक्या वर्षांनी तो नंबर मी पहिल्यांदा कागदावर बघितला.

ग्रुपवर मी कळवलं, तपासणी आता बाबांकडेच सोपवली आहे. आत्याचा आवाज आला, "वा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." आई म्हणाली, "स्वतःच माल, स्वतःच तपासणारे. पेन्शन वाढवून मागा."

ते तीन आठवडे गमतीचे नव्हते. वरणात मीठ कमी म्हणून त्यांनी ताट सरकवलं, आणि आईने चाखलं तर मीठ बरोबर होतं. फिरायला जायचं बंद केलं, कारण घमापुरातून जावं लागायचं. तळहात उगाच एकमेकांवर घासत बसायचे, आत काही नसताना. मी खिसे बघणं सोडून दिलं होतं. पण वही उघडीच असायची, आणि एका दिवसाची ओळ वेगळी होती. सुबह एक पाई गई. मुँह में रखी. थूकी. त्याखालीही सही होती, नंबर होता.

परत गेलो तेव्हा त्यांनी वही स्वतः डॉक्टरांसमोर ठेवली. डॉक्टरांनी सगळी पानं वाचली, ती थुंकलेली ओळ पण. मग टॉर्च मारला. डाग आणखी लहान झाला होता, पण होता.

"अब काटते हैं, बाबूजी," त्या म्हणाल्या. "कल सुबह."

"कितना?"

त्यांनी बोटाच्या टोकावर दाखवलं. "मसूर के दाने जितना."

बाबांनी मान हलवली. शेवटी माप मिळालं होतं. घरी आल्यावर त्यांनी आईकडून मसूर मागितली, व्हर्नियरची पेटी उघडली आणि एकेक दाणा मोजायला बसले. पाच-सहा दाणे मोजले, त्यातला सगळ्यात लहान वेगळा काढून मला दाखवला. "एवढाच," ते म्हणाले. मग तोच दाणा परत मोजला. एकदा घेतलेलं माप त्यांनी परत घेतलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, हो, एवढाच. हे बयान मी कुठल्याही तपासणीशिवाय दिलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

तुकडा काढला. दोन टाके. रिपोर्टला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात बाबा मऊ खिचडी खायचे आणि टीव्ही बघायचे. पण त्या देशाची बातमी तोपर्यंत गेली होती, तिच्या जागी निवडणूक आली होती.

"त्या साहेबाचं पुढे काय झालं?" त्यांनी एकदा विचारलं.

"माहीत नाही बाबा. आता त्याला कोणी दाखवून नाही राहिले."

"भला माणूस होता," बाबा म्हणाले. "त्याच्यावर घाई करत होते सगळे."

आम्ही पण केली होती.

रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. दारातच वाचला, पायऱ्यांवर परत वाचला, ऑटोत परत. घरी दोघं बाहेरच्या खोलीत बसले होते, टीव्ही बंद. रिपोर्ट इंग्रजीत होता, मी जसाच्या तसा मराठीत सांगितला. "पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत."

तो शब्द असा पहिल्यांदा आमच्या घरात आला, शेपटीला 'आढळल्या नाहीत' लावून.

"म्हणजे नाही," आई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. "नाही ना?"

"परत वाच," बाबा म्हणाले.

मी परत वाचलं.

"पाठवलेल्या तुकड्यात," बाबा म्हणाले. "आढळल्या नाहीत. बघ. नाहीत असं नाही लिहिलं त्यानं. जेवढा तुकडा पाहिला, तेवढ्याचंच लिहिलं." त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, न वाचता येणाऱ्या सहीवर बोट ठेवलं. "ज्यानं लिहिलं, त्याला काम येते." मग ते उठून आत गेले, आणि बराच वेळ मोरीत नळ सोडून तोंड धूत राहिले.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, दर तीन महिन्यांनी दाखवायला या, वहीसकट. मी ग्रुप उघडला. अंगठ्याने लिहून पण झालं होतं, बाबांना काही नाही. मग ते पुसलं आणि रिपोर्टमधलं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं, आणि खाली तीन महिन्यांचं.

आत्याचा फोनच आला. बाबा तोंड पुसत बाहेर आले होते, मी आवाज मोठा केला.

"म्हणजे नाही ना गं?" आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "सरळ सांग मला. नाही ना?"

मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "सांग तिले. आढळलं नाही."

"ऐकलं मी," आत्या म्हणाली. "बरं. दोघं बापलेक एकाच फॅक्टरीतले. तीन महिन्यांनी आढळलं तर कळवा. आणि नाही आढळलं तरी कळवा."